आधी कातडी बघायची

शनिवार, १२ एप्रिल २०२५, रत्नागिरी

पार्लर उघडायच्या आधी आठवड्याचा पाक करून ठेवला. ४०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर गाळलेला लिंबाचा रस आणि तेवढंच पाणी. चौथी वस्तू नाही. जाड बुडाचं पातेलं, मंद आच. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. उकळी फुटली की चमचा बाजूला. कडेला चिकटलेले दाणे ओल्या कुंच्याने आत लोटायचे, नाहीतर त्यातला एखादा दाणा सगळ्या पाकाला दाणे धरायला लावतो.

लग्नसराईसाठी हाताखाली नवीन मुलगी घेतली आहे. तिला वाटत होतं, लिंबू वासासाठी घालतात. लिंबाचं काम त्याहून मोठं आहे. साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साखरांच्या जोडीचा असतो. आंबट आणि आच मिळून त्यातल्या काही जोड्या तोडतात. मग पातेल्यात एकीच्या जागी तीन प्रकारच्या साखरा होतात आणि स्फटिक धरायला अडचण येते, म्हणून पाक थंड झाल्यावरही लवचिक राहतो. लिंबू घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी डब्यात खडीसाखर सापडते.

रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक आणि तिळाच्या लाडवाचा गोळीबंद पाक ज्या बाईला कळतो, तिला हे निम्मं येतंच. आपल्याला गोळीबंद हवा. गार पाण्यात थेंब टाकला की त्याची गोळी व्हावी, बोटांत दाबली तर दबावी, पण सोडल्यावर पसरू नये. थर्मामीटरवर हे ११८ ते १२० अंश सेल्सिअस येतं. त्या वेळी पाकाच्या शंभर भागांत सुमारे ८७ भाग साखर असते, बाकी पाणी. दोन-तीन अंश कमी राहिला तर गोळा हातात पातळ होतो, चार-पाच अंश जास्त गेला तर कडक होऊन कातडीवर पसरतच नाही. थर्मामीटरवर भरवसा ठेवण्याआधी तो उकळत्या पाण्यात धरून बघायचा. आपलं गाव समुद्राला लागून, इथे पाणी १०० अंशांवर उकळायला हवं.

रंगाकडे बघून पाक उतरवू नकोस, असं मुलीला पुन्हा पुन्हा सांगते. लिंबू जास्त असेल, पातेलं पातळ असेल तर रंग लवकर चढतो आणि पाणी मात्र आत तसंच असतं. गोळी बघायची.

आणि पाक उतरवल्यावर अर्धा तास कोणी त्याला बोट लावायचं नाही. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं. हा १२० अंशांचा पाक चिकटून बसतो आणि तिथेच भाजत राहतो. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, त्यावर टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं.

मंगळवार, १५ एप्रिल

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चौकोन, अगदी पट्टीच्या मापाचे, कडा सरळ. चार दिवसांपूर्वी दुसरीकडे वॅक्स करून घेतलं होतं. आग पहिल्या दिवशी नव्हती, दुसऱ्या दिवशी रात्री खाज सुरू झाली.

मी एकच विचारलं, “जखमेवर चिकटपट्टी लावली तर खाज येते का तुम्हाला?” त्या दचकल्याच. लहानपणापासून येते म्हणाल्या. डॉक्टरांनी कधी कापडी पट्टी चिकटवली की खालची कातडी लाल.

डब्यातल्या बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते. चीडसारख्या झाडाला खाचा पाडून चीक काढतात, त्यातून टर्पेंटाइन उडवून लावलं की मागे उरते ती राळ, बाजारात तिला रोझिन म्हणतात. तीच चिकटपट्ट्यांच्या काही गोंदांत असते. काही माणसांचं शरीर तिला ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी पुरळ उठवतं. ही ॲलर्जी. वॅक्स फार गरम होतं म्हणून भाजलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं. डब्यावर मधाचं किंवा कोरफडीचं चित्र असलं तरी आतली राळ काही कमी होत नाही. त्यामुळे माझ्या दृष्टीने “नैसर्गिक” या शब्दाला काही अर्थ नाही. राळसुद्धा झाडातूनच येते.

बाईंनी लगेच विचारलं, साखरेने आजच करून द्याल का? नाही म्हटलं. उठलेल्या कातडीवर साखरही नको. चौकोन पूर्ण बसू देत, डॉक्टरांना दाखवा, त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी एकदा लावून बघू आणि दोन दिवस वाट बघू. त्या थोड्या हिरमुसल्या. पण त्यांनी ऐकलं, याचं मला बरं वाटलं.

त्यांच्या सोबत आई होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी पार्लरमध्ये साखर-लिंबाचंच वॅक्स असायचं की! पातेल्यात करायच्या आणि जुन्या जीन्सच्या पट्ट्या लावून ओढायच्या.” खरं आहे. तो पाक थोडा पातळ ठेवलेला असायचा, सुरीने केसांच्या दिशेने पसरायचा आणि कापड उलटं ओढायचं. पदार्थ तोच, पण हात वेगळा. माझा गोळा घट्ट, कापड नाही. मी तो केसांच्या वाढीच्या उलट दिशेने दाबत नेते, त्यामुळे पाक केसाच्या बुडाशी शिरतो, आणि झटका देते तो वाढीच्या दिशेने, कातडीला समांतर. केस ज्या वाटेने वर आला त्याच वाटेने निघतो. मधेच कमी तुटतो. तुटलेला केसच पुढे आतल्या आत वळतो आणि फोडी करतो.

साखर जिवंत कातडीला चिकटतच नाही, फक्त केसाला धरते, असं सांगून ती विकतात. हे खरं नाही. ती कातडीलाही चिकटते. पण राळेपेक्षा तिची पकड सैल असते, ती अंगाच्या उबेएवढीच कोमट लागते आणि उरलेला चिकटा कोमट पाण्याने धुऊन जातो. तेल लावून घासावं लागत नाही. नाजूक कातडीला एवढा फरक पुष्कळ होतो.

रविवार, २० एप्रिल

आंब्याच्या पेट्या भरायला जाणारी एक बाई दुपारी आली. दिराच्या लेकीचं लग्न, चार माणसांत हात बरे दिसावेत एवढीच इच्छा. बाही वर केली तर हातावर काळपट ओघळ. देठाशी आंबा तोडला की चीक उडतो, तो जिथे पडतो तिथे कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग मागे राहतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. काजूच्या टरफलातल्या तेलाने कारखान्यातल्या बायकांचे हात कसे होतात हे इथल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तोच स्वभाव आंब्याच्या चिकात थोडा सौम्य होऊन असतो.

“साखरच ना ती? साखरेनं काय व्हतंय?”

“होतं गो बाय. वरची कातडी अजून कच्ची आहे. गोळ्याबरोबर ती निघून येईल.”

ती गप्प बसली. मला वाईट वाटलं, कारण तिने त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली होती. पाय स्वच्छ होते, कुठे ओरखडा नव्हता. पाय करून दिले, हातांना हात लावला नाही. सुतीच पण पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पेट्या भर, चीक उडाला की लगेच साबणाने धू, वाळू देऊ नकोस, एवढं सांगितलं. पैसे फक्त पायांचे घेतले.

अशी गिऱ्हाइकं परत पाठवली तर धंदा कसा चालायचा, असं हाताखालच्या मुलीने विचारलं. धंदा अशानेच चालतो, असं मला मनापासून वाटतं. ज्या बाईचे हात मी बिघडवले नाहीत, ती पुढच्या वर्षी येईल.

बुधवार, ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. लग्नंच लग्नं. काम आटोपून बसले तेव्हा दहा वाजून गेले होते.

नवऱ्या मुलीच्या घरच्यांना एकच गोष्ट सांगून घसा बसला: हळदीच्या आदल्या दिवशी येऊ नका, निदान तीन दिवस आधी या. केस निघाला की त्याची वाट उघडी असते. तिच्यावर हळद, उटणं, अत्तर आणि वर मांडवातला घाम. आजीने प्रेमाने लिंबाची फोड घासलेली तर आणखी वाईट; लिंबाचा कच्चा रस अंगावर आणि वर ऊन पडलं की फोड येऊन काळा डाग राहतो, तो महिनेच्या महिने जात नाही. पाकात शिजलेलं थोडं लिंबू धुऊन जातं. तो मुद्दा वेगळा आणि फोड घासणं वेगळं.

शनिवार, ३ मे

एका ताईंनी मुंबईहून आणलेली बरणी दाखवायला आणली. वर क्लिओपात्राचं चित्र. तीही हेच वापरायची, असं छापलेलं.

क्लिओपात्रा इ. स. पूर्व ३० मध्ये वारली. मिसरात ऊस पोचला तो अरबांबरोबर, त्यानंतर सात-आठशे वर्षांनी. उसाचा रस आटवून दाणेदार साखर करायची विद्या आपल्या देशातली. ती इराणमार्गे पश्चिमेकडे गेली आणि मध्ययुगात मिसरची साखर नावाजली. तेव्हा राणीच्या महालात साखरेचा गोळा असणं शक्य नाही. अशा थापांची या कलेला गरजच नाही. कैरोपासून दमास्कस, बैरूत, इस्तंबूलपर्यंत घराघरांत आया, मावश्या, आत्या हा पाक करत आल्या आहेत. मिसरमध्ये त्याला हलावा म्हणतात, तुर्कस्तानात आदा. बैरूतच्या एका पार्लरमधल्या बायकांवर नादीन लबाकीने २००७ मध्ये केलेल्या सिनेमाचं ‘कॅरामेल’ हे नाव याच पाकावरून आलं आहे. साध्या बायकांनी स्वयंपाकघरात जपलेली ही गोष्ट राणीच्या नावावर चढवली जाते, याचा मला राग येतो.

मी शिकले ती शारजात, लेडीज सलूनमध्ये कामाला होते तेव्हा. तिथे एक मिसरी बाई होती, वयाने माझ्या आईएवढी. आम्ही तिला खाला म्हणायचो. सिरियाच्या, केरळच्या, फिलिपिन्सच्या मुली तिच्या हाताखाली. ती थर्मामीटर वापरत नसे. पाक कोमट झाला की ओल्या हातात घेऊन ओढायची, घडी घालायची, पुन्हा ओढायची. काचेसारखा पिंगट गोळा हळूहळू दुधट सोनेरी व्हायचा, कारण ओढताना त्यात हवा शिरते आणि तो मऊ पडतो. मग ती तो पहिल्यांदा स्वतःच्या हातावर लावायची. आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर कधीच नाही. मीही तेच करते.

तिने मला दुसरं शिकवलं ते डाव्या हाताचं काम. सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताच्या झटक्याकडे असतं. पण कातडी ताणून धरणारा डावा हात सैल पडला तर कातडीही केसाबरोबर उचलली जाते, दुखतं आणि काखेत, जांघेत निळं पडतं. झटका दिल्याबरोबर त्याच जागी डावा तळवा दाबून धरायचा. दुखणं निम्म्यावर येतं. याचं शास्त्र मोठं नाही, पण जिच्या अंगावर होतं तिला विचारा.

बुधवार, १४ मे

काल दहावीचा निकाल लागला. आज एक आई मुलीला घेऊन आली, चांगले मार्क मिळाले म्हणून बक्षीस. मुलगी खाली मान घालून बसलेली. हनुवटीवर आणि गळ्याजवळ राठ केस. रोज ब्लेड फिरवत असावी, कारण तिथे बारीक फोडी होत्या.

आईला बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं, “तुला काढायचेत का, का आईला काढायचेत?” बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, वर्गातले मुलगे बोलतात. मी तिला सांगितलं की केस असणं घाणेरडं नाही, काढणं सक्तीचं नाही, आणि काढायचे असतील तर तिच्या मर्जीने, घाई न करता. त्यानंतर पाळीचं विचारलं. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते.

हे मी सगळ्या मुलींना विचारते आणि विचारायला लाजत नाही. हनुवटीवर पुरुषांसारखे जाड केस, पाळी अनियमित, वजन झपाट्याने वाढलेलं, असं एकत्र दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. पीसीओएस असेल तर औषधं असतात, आहार-व्यायामाने फरक पडतो. मी महिन्या-महिन्याला केस काढत राहिले तर मूळ कारण तसंच राहील आणि मुलीचा पैसा जाईल. आईला हे सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून घेतलं.

चेहऱ्याला आज काही केलं नाही. फोडी आहेत. ब्लेड बंद कर आणि केस चार-पाच मिलिमीटर वाढू दे, तांदळाच्या दाण्याएवढे. त्याहून आखूड केस गोळ्यात येत नाहीत आणि त्याच जागी तीनदा-चारदा गोळा फिरवावा लागतो. नाजूक कातडी त्यानेच सोलवटते.

केस एकदम संपत का नाहीत, हे त्या मुलीने विचारलं, हुशार आहे. प्रत्येक केसाची वाढायची, थांबायची आणि गळायची पाळी वेगळी असते. आज जे कातडीच्या वर आहेत तेवढेच निघतात, खाली विसावलेले पुढच्या आठवड्यांत वर येतात. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. सारखे मुळासकट निघत राहिले तर काहींचे केस पुढे बारीक येतात, काहींचे नाही. कायमचे जातात असं मी कोणालाच सांगत नाही.

बुधवार, २१ मे

मे महिन्यात असा पाऊस! कालपासून धरलाय. सकाळी डबा उघडला तर शनिवारचा पाक वर पातळ झालेला. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, आणि सध्या हवेत पाण्याशिवाय काही नाही. शारजात बाहेर दमट असलं तरी आत एसी असायचा, तिथला ११८ अंशांचा पाक इथे आषाढात चालत नाही. आता पावसाळा संपेपर्यंत १२१-१२२ अंशांपर्यंत न्यायचा, छोटे गोळे करून प्रत्येक गोळा झाकणाच्या वेगळ्या डबीत. एका गिऱ्हाइकाला एक डबी. तिच्यावर वापरलेला गोळा तिच्याबरोबरच कचऱ्यात. साखर एवढी घट्ट असते की तिच्यात जंतू वाढत नाहीत, हे खरं. पण दोघींच्या काखेत एकच गोळा फिरवायला ते कारण पुरत नाही. त्यावर कातडीचे कण असतात, कधी रक्ताचा टिपूस असतो. किलोभर साखर पन्नास रुपयांच्या आत येते. इथे काटकसर करायची नाही.

दुपारी वीज गेली ती रात्रीपर्यंत. वॅक्सचा हीटर बंद, पण गोळ्याला हीटर लागत नाही, अंगाच्या उबेवर चालतो. दिवाबत्तीपुरती इन्व्हर्टरची वीज होती, काम थांबलं नाही. मात्र घामावर गोळा सरकतो. आधी सुती कापडाने कोरडं करायचं, मग टॅल्कम किंवा मक्याच्या पिठाचा पातळ थर, जास्तीचं झटकायचं. काखेत दोनदा.

मुंग्यांनी जीव खाल्ला. डबे पाण्याच्या ताटांत ठेवलेत, लादी दर गिऱ्हाइकामागे ओल्या फडक्याने.

शेजारच्या काकूंनी विचारलं, लिंबं महाग झालीत तर कोकमाचं आगळ घालून बघ की. आंबट म्हणून ते काम करीलही, पण आगळात मीठ असतं आणि रंगही चढतो. केस निघालेल्या कातडीवर मीठ झोंबतं. त्यांनीच पुढे गुळाचं विचारलं. गुळात साखरेखेरीज बरंच काही असतं, प्रत्येक ढेपेचा पाक वेगळा वागतो, लवकर करपतो. नाजूक कातडीच्या बाईसाठी मला दर वेळी सारखाच पाक हवा. पांढरी साखर आरोग्याला वाईट म्हणून इथेही गूळ हवा, हा विचार पोटाचा आहे, कातडीचा नाही.

बुधवार, २८ मे

मान्सून रविवारीच कोकणात आला. आणि आज सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी जिल्हेजचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चाँद दिसायची वेळ. ज्यांच्या घरी कुर्बानी असते त्यांच्यातले बरेच जण चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखं काढत नाहीत. त्यामुळे मोहल्ल्यातल्या बायकांची आजच सगळी घाई. काखेचे आणि खालचे केस चाळीस दिवसांपलीकडे ठेवू नयेत असं त्यांच्यात मानतात, म्हणून या बायकांना हे काम नवं नाही, लाजिरवाणंही नाही. आई, सून, नणंद एकत्र येतात. कुणी आखातातून सुट्टीवर आलेली असते, ती गोळ्याकडे बघूनच सांगते, आज थोडा नरम आहे.

त्यांच्यातल्या एका भाभींच्या हातावर केस काढण्याआधी बोथट कांडीने एक रेघ ओढली. पाच मिनिटांत ती रेघ उचलून लाल झाली, दोरी ठेवल्यासारखी. अशी कातडी असते काहींची. नुसतं घासलं, दाबलं तरी गांधी उठतात. डॉक्टरी भाषेत तिला डर्मोग्राफिझम म्हणतात. साखर असो वा राळ, ओढल्यावर गांधी उठणारच, कारण दोष पदार्थाचा नसून ओढण्याचा आहे. भाभींना समजावून सांगितलं. कात्री किंवा ट्रिमर वापरा म्हटलं. त्यांच्या नणंदेला वाटलं, मी गर्दीमुळे टाळतेय. म्हणून तीच रेघ नणंदेच्या हातावर ओढून दाखवली. काही उठलं नाही. मग पटलं.

मधुमेह असलेल्या एक मावशी घाबरत आल्या, साखर अंगात शिरेल का म्हणून. कातडीतून ती रक्तात जात नाही. त्यांच्या बाबतीत काळजी वेगळी: जखम झाली तर लवकर भरत नाही, आणि पायाला कमी जाणवतं. त्यांचे फक्त हात केले, हळूहळू, बोटाएवढ्या पट्ट्यांनी.

सोमवार, ९ जून

उद्या वटपौर्णिमा, म्हणून आज ओठांवरची लव काढायला बायका. त्यांतली एक तिशीतली, चेहरा तुकतुकीत गोरा पण गालांवर लाल बारीक शिरा दिसत होत्या. कातडी पातळ कागदासारखी. विचारलं, कोणतं मलम लावता? पर्समधून काढून दाखवलं. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेलं, वर बारीक अक्षरात स्टेरॉइडचं नाव. दोन वर्षं रोज लावतेय. बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावते.

अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाले, तरी ती हातोहात मिळतात आणि गोरेपणाच्या हौसेने मुली ती लावत राहतात. ओठांवर गोळा ठेवला असता तर कातडी केसाबरोबर सोलून आली असती. मुरमांसाठी रेटिनॉइडची मलमं लावणाऱ्यांचं तेच, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत बंद झाल्या असतील तर तेच. त्या बाईला मी हात लावला नाही, जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं, मलम स्वतःच्या मनाने एकदम तोडू नकोस हेही सांगितलं, कारण ते डॉक्टरांनी उतरवत न्यावं लागतं. ती रडली. तिला चहा दिला.

ती गेल्यावर हाताखालच्या मुलीला बसवून दारावर लावायचा कागद लिहून घेतला. मला वाटलं, ज्या घरी करतात त्यांनाही तो उपयोगी पडेल, म्हणून इथेही लिहून ठेवते.

मलम, गोळ्या, ॲलर्जी, मधुमेह, काय असेल ते आधी सांगा. लपवलं तर तुमच्याच कातडीला त्रास. पहिल्या वेळी हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून दोन दिवस थांबा. उन्हाने भाजलेलं, ओरखडलेलं, फोडी आलेलं, तीळ-चामखीळ असलेलं अंग सोडून द्या. एका जागी दोनदापेक्षा जास्त गोळा फिरवू नका. राहिलेले दोन केस चिमट्याने काढा. झाल्यावर कोमट पाणी, मग गार ओला रुमाल, बिनवासाचं क्रीम. दोन दिवस गरम पाण्याची आंघोळ, व्यायाम, पोहणं, घट्ट कपडे, डिओ आणि दुपारचं ऊन नको. केसांच्या मुळाशी बारीक लाल उंचवटे आले तर घाबरू नका, एका दिवसात बसतात. पण दोन दिवसांनंतरही लाली पसरत असेल, पू धरला असेल, ताप आला असेल, तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा.